मालिकेचा तिसरा भाग कुठवर आलाय, आणि सध्या काय वाचतेय

शाईदौत
नमस्कार मंडळी. माझ्या छापखान्याच्या कादंबरी-मालिकेचा तिसरा भाग कुठवर आला असं बरेच जण विचारताय, व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) विचारणा येते, आणि "चालू आहे" एवढ्यावर भागत नाही म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आधी सरळ उत्तर. कच्चा खर्डा छापखान्याच्या लिलावापर्यंत पोचलाय. लिलावानंतरची थोडी प्रकरणं राहिलीत, ती डोक्यात स्पष्ट आहेत. त्यानंतर पुनर्लेखन, आणि माझं खरं लिखाण तिथेच होतं त्यामुळे तारीख देणार नाही. तारीख दिली की लिहिताना लक्ष गोष्टीवरून उडून कॅलेंडरवर जातं.

किती पानं झाली असंही विचारतात. पानं भरपूर झालीत, पण मालिकेत पानांवरून काही कळत नाही हो. एकटी कादंबरी असेल तर शेवटाकडे आल्यावर काही कमी पडलं की मागे जाऊन दुसऱ्या प्रकरणात पेरून यायचं, कोणाला पत्ता लागत नाही. मालिकेत मागचे दोन भाग छापून तुमच्या कपाटात जाऊन बसलेत. तिथला एक स्वल्पविरामसुद्धा आता माझ्या हातात नाही. त्यामुळे तिसरा भाग लिहायचा म्हणजे निम्मा वेळ स्वतःचीच पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचायची, मी काय काय कबूल करून बसलेय ते शोधायचं, आणि मग त्याच्या आत राहून पुढे जायचं.

यासाठी एक आडवी वही केलीय. डावीकडे माणसं, वर सालं, आणि प्रत्येक घरात एकच गोष्ट लिहायची: या माणसाला तेव्हा काय माहीत होतं. वयं, केसांचा रंग, कोण कुठे राहायचं हे लक्षात ठेवणं सोपं असतं. अवघड काय, तर कोणाला काय कधी कळलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी दोघी बहिणींपैकी थोरलीला मृत्युपत्राचं कळलंय, धाकटीला नाही. म्हणजे तिसऱ्या भागात त्या दोघी जिथे जिथे समोरासमोर येतात तिथे थोरलीच्या प्रत्येक वाक्याला ते दडवायचं ओझं पाहिजे, अगदी "चहा टाकू का" विचारतानाही. आणि तुम्हाला वाचकांना ते माहीत आहे, म्हणजे तुम्ही तिच्याकडे बघत बसलेले असणार. एका प्रसंगात ती पटकन मोकळं बोलून गेली तर सगळा भाग कोसळतो. ती वही भरायला लागल्यापासून लिहिण्याचा वेग कमी झालाय पण प्रसंग जास्त घट्ट होतायत, आणि मला ते चालेल.

सध्याचं वाचन: लिहिताना मी मुद्दाम दुसऱ्यांच्या मालिकांचे मधले आणि शेवटचे भाग वाचते. पहिला भाग तर सगळेच जीव ओतून लिहितात, मधे काय करतात ते बघायचं असतं. सध्या हिलरी मँटेलचं क्रॉमवेल-त्रयीतलं (इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल) तिसरं पुस्तक परत वाचतेय. पहिलं २००९ चं, दुसरं २०१२ चं आणि तिसरं २०२० चं. आठ वर्षं! आणि शेवट तर इतिहासात आधीच छापलेला, १५४० मध्ये क्रॉमवेलचं डोकं उडवलं जातं हे वाचकाला पहिल्या पानाच्या आधीपासून माहीत. तरी बाई धरून ठेवतात. दुसरं पुस्तक अ‍ॅन बोलिन राणीच्या शिरच्छेदापाशी संपतं आणि तिसरं बरोब्बर त्याच जागी सुरू होतं, रक्त अजून ओलं आहे तिथे. आठ वर्षांचं अंतर वाचकाला जाणवूच द्यायचं नाही. "मागील भागात काय घडलं" असला एक परिच्छेद नाही. मी ती सुरुवातीची पानं वाक्य-वाक्य उलगडून बघितली, आधीची माहिती ती कुठे कुठे सरकवते म्हणून.

बाजूला अँथनी ट्रोलप या जुन्या इंग्रज कादंबरीकाराचं आत्मचरित्रही चालू आहे, त्याबद्दल खाली लिहीन. तुम्ही काय वाचताय तेही सांगा, आणि मालिकांच्या बाबतीत तुमचा अनुभव काय ते तर सांगाच.

पानगळ
ताई, अखेर धागा आला!! लिलावापर्यंत पोचलाय हे वाचूनच पोटात गोळा आला, म्हणजे छापखाना जाणार हे नक्की तर.
एक विचारायचंच होतं. पहिल्या भागात जुळारीकाकांचं उजव्या हाताचं पहिलं बोट ट्रेडलमध्ये, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रात, जातं. आणि दुसऱ्या भागात तो रात्रीचा प्रसंग आहे, अग्रलेख बदलायचा असतो आणि काका एकटे उभे राहून खिळे (शिशाची अक्षरं) जुळवतात, तिथे स्पष्ट लिहिलंय की डाव्या हातात स्टिक (अक्षरं रचायची पट्टी) आणि उजव्या हाताचं बोट आणि अंगठा केसमधल्या (खिळ्यांच्या पेटीतल्या) खणांवरून न बघता फिरतायत. मग बोट कुठलं? मी दोनदा मागे जाऊन वाचलं. चूक काढायची म्हणून नाही विचारत, त्या काकांवर जीव आहे माझा.

कपाटभर
पानगळ +१, मलाही ते खटकलं होतं. पण असं मोठमोठ्यांकडे झालंय. शेरलॉक होम्सच्या डॉ. वॉटसनची जखम बघा, १८८७ च्या पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागलेली आहे आणि १८९० च्या दुसरीत ती पायात गेली. एका कथेत तर बायको त्याला जॉनच्या ऐवजी जेम्स म्हणते. कॉनन डॉइलने कधी सारवासारव केली नाही, शंभर वर्षं वाचकच त्याची कारणं शोधत बसलेत आणि त्यातून केवढं लिखाण झालंय.

शाईदौत
पानगळ, इतकं बारीक वाचलंस, मला किती बरं वाटलं सांगू. दोन्ही ठिकाणी जे लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय. पहिल्या भागातला ट्रेडलचा प्रसंग कोण सांगतंय ते परत बघ, आणि ती व्यक्ती तेव्हा तिथे होती का तेही बघ. याच्या पुढे बोलले तर तिसऱ्या भागातलं एक प्रकरण फुटेल.

कपाटभर, वॉटसनचं उदाहरण मस्तच. याच्या उलट टोकाचा टोल्किन. त्याच्या मुलांच्या 'हॉबिट' पुस्तकात, १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत, गॉलम नावाचा प्राणी नायक बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरतो तेव्हा अंगठी राजीखुशीने द्यायला निघालेला असतो. नंतर मोठी कादंबरी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', लिहायला घेतल्यावर ती अंगठी इतकी भयंकर वस्तू झाली की तिचा मालक ती आपणहून देईल हे शक्यच राहिलं नाही. मग त्याने ते प्रकरण नव्याने लिहिलं, १९५१ च्या आवृत्तीत ते आलं. आणि जुनी आवृत्ती वाचलेल्यांचं काय? तर मोठ्या कादंबरीत सांगून टाकलं की आधीची हकीकत ही बिल्बोने मारलेली थाप होती, आणि अंगठीचा परिणाम त्याच्यावर तेव्हापासूनच व्हायला लागला होता त्याची ती खूण. म्हणजे अडचण होती तिचाच गोष्टीला उपयोग करून घेतला. मी हे कितीही वेळा सांगू शकते, इतकं मला ते आवडतं. याच माणसाने चंद्राच्या कला जुळत नाहीत म्हणून मधल्या प्रकरणांचं वेळापत्रक परत बसवलं होतं. वेगवेगळ्या वाटेने गेलेली माणसं एकाच रात्री वर बघतायत तर चंद्र एकच दिसायला पाहिजे ना.

अर्धविराम
छान धागा. मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी अपुरी मालिका सुरूच करत नाही. तुमचे दोन्ही भाग घेऊन ठेवलेत पण चौथा आल्याशिवाय उघडणार नाही. एकदा पोळलोय. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनची पाच पुस्तकं झपाटून वाचली, पाचवं २०११ ला आलं, तेव्हापासून सहाव्याची वाट बघतोय. दरम्यान त्यावरची टीव्ही मालिका २०११ ला सुरू होऊन २०१९ ला संपली सुद्धा, पुस्तकाच्या पुढे निघून गेली. आता सहावं आलं तरी आधीची पाच परत वाचावी लागतील, तेवढा वेळ आता आयुष्यात नाही.

उंबरठा
अर्धविराम, तुमचं दुःख समजू शकते पण विकत घेऊन ठेवलेत हे चांगलं केलंत. सगळ्यांनीच "पूर्ण झाली की घेऊ" म्हटलं तर पहिल्या भागाचा खप बघून प्रकाशक पुढचा काढेलच कशाला. मालिका मधेच बंद पडतात त्यातल्या कितीतरी लेखक अडला म्हणून नाही तर दुसऱ्या भागाला गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडतात.
आणि मार्टिनबाबत, तो काही बसून राहिलेला नाही असं मला वाटतं. तिसरं पुस्तक २००० ला आलं, त्यानंतर त्याचा विचार होता की गोष्ट पाच वर्षं पुढे न्यायची, लहान पात्रं मोठी होऊ द्यायची. लिहायला लागल्यावर काही पात्रांना ती उडी मानवली आणि काहींना अजिबात नाही, सारखं "मधल्या काळात असं झालं" करत आठवणीच सांगाव्या लागायला लागल्या. मग ती उडी सोडून दिली आणि ती पाच वर्षं भरून काढण्यात पुस्तक इतकं फुगलं की दोन करावी लागली. ती दोन पण काळाप्रमाणे नाही तोडली, पात्रांप्रमाणे तोडली. २००५ च्या पुस्तकात निम्मी माणसं, बाकीची निम्मी २०११ च्या. लोकांच्या आवडीची माणसं नेमकी दुसऱ्या निम्म्यात, म्हणून अकरा वर्षं भेटलीच नाहीत.

शाईदौत
उंबरठा, तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंत, कारण सध्या माझ्यापुढे हाच प्रश्न आहे आणि तो इथे मांडायचाच होता.

तिसरा भाग मोठा होतोय. प्रकाशकांचं म्हणणं, याचे दोन करू, पहिला लवकर काढू, वाचकाच्या हातात काहीतरी पडेल, आणि बांधणीही धड राहील. (हे बांधणीचं खरंय, फार जाड पेपरबॅक दोनदा उघडला की कणा मोडतो आणि पानं सुटायला लागतात.) प्रेमाने सांगतायत, दबाव नाही. पण माझं मन घेत नाही. कारण असं की पहिल्या निम्म्यात फक्त कर्ज वाढत जातं, भावाभावांत फूट पडते, खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट येतं, जुळारी एकेक करून जातात. सगळं खाली खाली जातंय. दुसऱ्या निम्म्यात लिलाव आणि त्यानंतर दोघी बहिणी. पहिला निम्मा वेगळा छापला तर वाचक एका अंधाऱ्या जागी पुस्तक मिटणार आणि तिथेच वर्ष दोन वर्षं थांबणार. मला एका बैठकीतला, एका दमाचा भाग हवाय. चढ आणि उतार एकाच पुस्तकात.

मँटेलच्या बाबतीत उलट झालं होतं हे मान्य आहे. तिला आधी एकच पुस्तक लिहायचं होतं. लिहिता लिहिता क्रॉमवेलचा विरोधक टॉमस मोर याच्या मृत्यूपाशी आली आणि तिला जाणवलं की हा एक शेवट आहे. मग अ‍ॅन बोलिनचं पतन, तेही एक अख्खं पुस्तक मागतंय. म्हणजे तिने तोडलं ते जिथे गोष्टीला आपणहून सांधा आला तिथे. पानं जास्त झाली म्हणून नाही. माझ्या तिसऱ्या भागात मी तो सांधा शोधतेय आणि मला तो लिलावाच्या आधी कुठेही सापडत नाहीये.

तुम्हाला काय वाटतं खरंच सांगा.

दुपारझोप
तोडू नका. जाड असू दे. मी वाट बघीन.

कपाटभर
माझं मत तोडा असं आहे. कारण सांगतो. 'व्हील ऑफ टाइम' मालिकेच्या रॉबर्ट जॉर्डनने ठरवलं होतं की उरलेलं सगळं एकाच पुस्तकात बसवायचं, बारावं आणि शेवटचं, कितीही जाड होऊ दे. २००७ ला तो गेला. त्याने शेवट आणि बरेच प्रसंग सांगून ठेवले होते, टिपणं होती, त्याची बायकोच त्याची संपादक होती, तिने ब्रँडन सँडरसनला निवडलं आणि त्याने ते पूर्ण केलं. पण ते एक पुस्तक झालंच नाही, तीन झाली, २००९, २०१० आणि २०१३. आणि मी ती तिन्ही वाचलीत, त्यांना तीन असण्याने काही इजा झाली नाही उलट मधलं मला सगळ्यात जास्त आवडलं. लेखकाला एकसंध वाटणारी गोष्ट वाचकाला तुकड्यांत मिळाली तरी वाचक जोडून घेतो. आम्हाला सवय असते.
आणि दुसरं, आयुष्याचा भरवसा नसतो, हे वाईट वाटेल पण बोलतोच. स्टीफन किंगच्या टॉवरवाल्या मालिकेचं पहिलं पुस्तक १९८२ चं, चार झाल्यावर १९९९ ला रस्त्याने चालताना त्याला गाडीने उडवलं, वाचला ते नशीब. त्यानंतर उरलेली तीन त्याने २००३-०४ मध्ये पाठोपाठ काढली. जे हातात आहे ते बाहेर येऊ द्या.

पानगळ
कपाटभर, तुमचा मुद्दा पटला पण त्याच किंगने २००३ मध्ये पहिलं पुस्तक दुरुस्त करून परत काढलं ना, पुढच्यांशी जुळावं म्हणून. म्हणजे घाईने बाहेर काढलं की नंतर मागे जाऊन हात लावावासा वाटतोच. ताईंना ते नकोय. मी "तोडू नका" च्या बाजूने.

ताई, मी रात्री पहिला भाग काढून ट्रेडलचा प्रसंग वाचला. कळलं. बाप रे. धाकटी तेव्हा आजोळी होती!!! तिला ते सगळं कोणीतरी सांगितलेलं आहे. आता झोप येणार नाही.

शाईदौत
पानगळ, आता शांत बस आणि कोणाला सांगू नकोस. :)

कपाटभर, मनापासून लिहिलंत, वाईट अजिबात वाटलं नाही. जॉर्डनचं तुमचं निरीक्षण मी डोक्यात ठेवते. पण त्याच्याकडे रणांगणं, राज्यं, पन्नास वाटा होत्या, कुठेही थांबलं तरी कोणतीतरी एक वाट पूर्ण होत होती. माझ्याकडे एक घर आणि एक छापखाना आहे. तिथे थांबायला जागा कमी.

आता ट्रोलपबद्दल, कबूल केलं होतं म्हणून. या माणसाची बार्सेटशायर या काल्पनिक परगण्यावरची सहा पुस्तकं, १८५५ ते १८६७. पोस्टात नोकरी, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द असा हिशोब, आणि दर आठवड्याला किती पानं झाली त्याची नोंदवही. मृत्यूनंतर १८८३ ला आत्मचरित्र आलं त्यात हे सगळं त्याने सरळ लिहिलं, आणि लोकांना वाटलं हा कसला कलावंत, हा तर कारकून. मला उलट त्या नोंदवहीचा फार आदर वाटतो. मालिका लिहिणाऱ्याला प्रेरणेवर अवलंबून चालत नाही, रोज त्या गावात जाऊन यावं लागतं, नाहीतर माणसं ओळख विसरतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सहावं पुस्तक लिहीत असताना तो क्लबच्या दिवाणखान्यात बसला होता, बाजूला दोन पाद्री हातातल्या मासिकांत त्याच्याच कादंबऱ्या वाचत बोलत होते की हा तीच तीच पात्रं परत आणतो, कंटाळा आला. त्यात बिशपच्या बायकोचं नाव निघालं, मिसेस प्राउडी, सगळ्यांवर सत्ता गाजवणारी बाई. ट्रोलप उठून त्यांच्यापाशी गेला, मीच तो लेखक म्हणाला, आणि म्हणाला, घरी जातो आणि आठवडा संपायच्या आत तिला मारतो. आणि मारलंच! आत्मचरित्रात तो पुढे लिहितो की त्याला नंतर त्याचा पस्तावा झाला, ती बाई त्याला फार आवडायची, तिच्या भुतासोबत तो अजून राहतो म्हणे.

हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाहीये. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर वाचकाचं एक वाक्य कानावर पडतं आणि पात्र जातं. पण त्या मृत्यूचं प्रकरण वाचा, ती बिछान्याच्या दांडीला धरून उभ्या उभ्या गेलेली सापडते, आणि नवरा, जो आयुष्यभर तिच्या धाकात होता, त्याला आधी सुटल्यासारखं वाटतं आणि लगेच त्या सुटल्याची भीती वाटते. रागाच्या भरात मारलेल्या पात्राला एवढा न्याय द्यायचा म्हणजे लेखक किती मुरलेला असेल.

उंबरठा
वा. हे माहीत नव्हतं, यादीत टाकलं. मी सध्या अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' ही द्वीपसमूहाची मालिका वाचतेय. तिसरं पुस्तक १९७२ चं, सगळ्यांना वाटलं त्रयी झाली, संपली. आणि १९९० ला चौथं आलं! अठरा वर्षांनी, आणि गोष्ट तिसरं संपतं तिथूनच पुढे जाते. पण बघणारे डोळे बदलले. पहिल्या तिन्हीत जादूगार, जहाजं, ड्रॅगन, आणि चौथ्यात एक मध्यमवयीन बाई, तिचं शेत, शेळ्या, आणि भाजलेली एक मुलगी. तोच महान जादूगार सगळी शक्ती संपवून तिच्या दारात येतो. मला आधी वाचताना राग आला होता की माझा जादूगार कुठे गेला, आणि अर्ध्यात आल्यावर वाटलं की आधीची तीन मी अर्धीच वाचली होती. वाट बघायला लावली तर अशी लावावी.

अर्धविराम
उंबरठा, तुमचं हे वाचून विचार करतोय. अठरा वर्षांत लेखिका बदलली म्हणून पुस्तक बदललं, घाईने १९७४ ला चौथं काढलं असतं तर ते तिसऱ्यासारखंच झालं असतं. हे मी मार्टिनला लावून बघितलं नव्हतं.
तरी माझा नियम तोच. पण ताई, पहिला भाग एकटा वाचला तर पुरा वाटतो का? म्हणजे लटकणार नसेन तर सुरू करतो.

पानगळ
पुरा वाटतो. शेवटी एक दार उघडं आहे पण घर पूर्ण आहे. सुरू करा हो.

शाईदौत
अर्धविराम, पहिला भाग एकटा उभा राहील असाच लिहिलाय. दुसरा नाही राहणार, तो वाचून झाल्यावर तुम्ही माझ्यावर चिडाल, म्हणून तो तिसरा आल्यावरच उघडा. भालचंद्र नेमाडेंच्या चांगदेव चतुष्टयाचा मला या बाबतीत फार आधार वाटतो, चारही कादंबऱ्यांत माणूस तोच, पण प्रत्येकीला स्वतःचं पोट आहे, कुठलीही हातात घेतली तरी तिच्यातून एक जग मिळतं.

उंबरठा, चौथ्या पुस्तकाबद्दल अगदी अगदी. मधल्या काळात लेखकाचं वय वाढतं ते पानात उतरतं, ते लपवू नये. मी पहिला भाग लिहिला तेव्हा माझी सगळी सहानुभूती धाकटीकडे होती. आता तिसऱ्यात मला थोरली जास्त कळते. तेच घर, पण मी दुसऱ्या खोलीतून बघतेय.

हो आणि एक राहिलंच, फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तबद्दल व्यनित कोणीतरी विचारलं होतं की एवढं मोठं काम वाढतं कसं. १९१३ ला पहिला खंड आला तेव्हा एकूण तीन होणार असं जाहीर केलं होतं. मधे युद्ध आलं, छपाई थांबली, आणि त्या काळात मजकूर आतून वाढत गेला. सुरुवात आणि शेवट जवळपास ठरलेले, मधलं फुगत गेलं, सात खंड झाले. हस्तलिखिताच्या पानांना कागदाच्या लांब पट्ट्या चिकटवून त्यावर भर घालायचा, घड्या घातलेल्या त्या पट्ट्या उलगडल्या की पान हातभर लांब व्हायचं. १९२२ ला तो गेला आणि शेवटचे तीन खंड त्यानंतर आले, १९२७ पर्यंत. छापखान्याबद्दल लिहिणारी बाई म्हणून माझा जीव त्या जुळाऱ्यांसाठी तुटतो. जुळवलेला मजकूर प्रुफात परत आला की त्याच्या समासात नवीन पान लिहिलेलं असायचं. एक परिच्छेद आत घुसला की पुढच्या सगळ्या ओळी ढकलायच्या, पानं परत बांधायची, आणि हे सगळं शिशाच्या उलट्या अक्षरांत. देवनागरीत तर जोडाक्षरांमुळे केसमध्ये शेकडो खण, जुळाऱ्याला दोन पावलं इकडे तिकडे सरकावं लागायचं. दुसऱ्या भागातला काकांचा तो रात्रीचा प्रसंग लिहिताना हेच डोळ्यापुढे होतं.

दुपारझोप
एक मागणी. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला आधीच्या दोन भागांचा सारांश द्याल का? आणि पात्रपरिचय? मी दुसरा भाग वाचून बराच काळ झालाय, मुख्य माणसं आठवतात पण मामेभाऊ, चुलतभाऊ गोंधळ होतो.

कपाटभर
सारांश नको, प्लीज. सारांश वाचला की मूळ चव जाते, नुसती घटनांची यादी राहते. वंशावळ चालेल.

उंबरठा
वंशावळीला अनुमोदन. पण वंशावळीत मृत्यूची सालं टाकू नका, कोण कधी जाणार ते आधीच फुटतं. एका जाड कादंबरीत असंच झालं माझं, पहिल्याच पानावर कळलं की नायिका चाळिशी ओलांडत नाही.

शाईदौत
सारांश देणार नाही, त्याबाबतीत कपाटभरांशी सहमत. त्याऐवजी मँटेलकडून शिकलेली एक गोष्ट करतेय. पहिल्या पुस्तकात ती क्रॉमवेलला नुसतं "तो" म्हणते आणि "तो" म्हणजे कोण यावरून बऱ्याच वाचकांची दमछाक झाली. दुसऱ्यापासून तिने जागोजागी "तो, क्रॉमवेल" असं लिहायला घेतलं. शैली सोडली नाही आणि वाचकाचा हातही धरला. तसं मी तिसऱ्यात प्रत्येक जुनं माणूस पहिल्यांदा येतं तेव्हा त्याची एक अशी सवय दाखवतेय जी तुम्ही आधी बघितलीय, म्हणजे नाव आठवलं नाही तरी माणूस आठवेल. मुनीमजी आले की आधी चष्म्याची काडी दाताखाली धरणार. जुळारीकाका आले की छापलेला कागद आधी नाकाला लावणार.

वंशावळ नक्की देते, दुसऱ्या भागाच्या शेवटापर्यंतचीच, आणि मृत्यूची सालं न टाकता. उंबरठा, चांगलं आठवण केलीत, कच्च्या आराखड्यात मी ती टाकली होती, काढते.

ज्यांनी दोन्ही भाग वाचलेत त्यांनी एवढं करा: पुस्तक न उघडता सांगा की कोणतं माणूस तुम्हाला अजिबात आठवत नाही. ते मला फार उपयोगी पडेल.

दुपारझोप
मुनीमजींचा भाचा. कोणीतरी भाचा होता एवढंच आठवतं. त्याचं काय झालं?

पानगळ
तो दुसऱ्या भागात दोनदा येतो फक्त, एकदा कागदाची रिमं उतरवताना आणि एकदा मृत्युपत्राच्या दिवशी दाराबाहेर उभा असतो. माझ्या मते त्याने ऐकलं सगळं.

कपाटभर
मला बँकेतला माणूस आठवत नाही, नाव पण नाही आणि चेहरा पण नाही.

शाईदौत
बँकेतला माणूस विसरलात तरी चालेल, तो परत येत नाही. भाचा मात्र तिसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात आहे, आणि घराण्यातला नसल्यामुळे वंशावळीत बसत नाही. त्याच्यासाठी खाली वेगळी ओळ करते: मुनीमजींचा भाचा, कागद उतरवायला असतो. एवढीच.